डबीतला जंत स्टबवर नेताना

आमच्याकडे जंत कशाकशातून आले याची एक यादी मी वहीच्या मागच्या पानावर ठेवली होती. बामची रिकामी बाटली, लोणच्याची बरणी, खोकल्याच्या औषधाचं झाकण, गाठ मारलेली दुधाची पिशवी. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलच्या गोळ्या वाटून झाल्या की दोन-तीन दिवसांत अशा बाटल्या यायला लागतात. आणणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: "सर, पोरग्याच्या पोटातनं पडलाय, हा कसला?"

प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या एमएस्सीला असाल, नाहीतर वैद्यकीय प्रयोगशाळेत नुकते लागला असाल, आणि कोणीतरी "याचं सेम करून आण" म्हणून डबी हातात दिली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सेम म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, टेम म्हणजे ट्रान्समिशन. प्रयोगशाळेत ही नावं अशीच घेतात, इथेही तशीच वापरतो.

सेम खरंच लागणार आहे का?

बहुतेक वेळा लागत नाही. शौचाच्या नमुन्यात जंताची अंडी दिसली तर काम तिथेच संपतं. आतड्यातल्या तीन नेहमीच्या जंतांची अंडी अशी: ट्रायक्युरिसचं अंडं दोन्ही टोकांना बूच लावलेल्या पिंपासारखं, एन्टेरोबियसचं एका बाजूने चपटं, अ‍ॅस्कॅरिसचं खडबडीत, पिवळसर तपकिरी. ही साध्या मायक्रोस्कोपखाली चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला ओळखता येतात. लहान मुलाला रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर सकाळी आंघोळीआधी चिकटपट्टी लावून ती काचपट्टीवर बघितली की एन्टेरोबियसचा निकाल लागतो. त्यासाठी सेमला लागतो तो सोन्याचा थर चढवत बसणं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं.

सेमचा खरा उपयोग ठरावीक प्रसंगी होतो. अंकुशकृमी (हुकवर्म) हे त्याचं उत्तम उदाहरण. अँकायलोस्टोमा ड्युओडेनाले आणि नेकॅटर अमेरिकानस या दोघांची अंडी साध्या मायक्रोस्कोपखाली वेगळी करता येत नाहीत. प्रौढ कृमीचं तोंड बघावं लागतं, नाहीतर डीएनए. दुसरा प्रसंग म्हणजे डोळ्यातून किंवा कातडीखालून काढलेला एखादाच जंत, ज्याचं अंडं कुठेच मिळणार नाही. तिसरा, तुकडाच हातात आलेला आणि डोकं की शेपूट तेही कळत नाही. चौथा प्रसंग सगळ्यांत जास्त वेळा येतो: ती वस्तू जंत आहे की नाही हाच प्रश्न. त्याबद्दल पुढे लिहितो.

साध्या मायक्रोस्कोपची मर्यादा सुमारे 0.2 मायक्रॉनची. पण जंताच्या बाबतीत सेम लागतं ते केवळ त्यापेक्षा बारीक दिसावं म्हणून नाही. जास्त उपयोग चित्रातल्या खोलीचा होतो. शंभर-दोनशे पट मोठं केलेलं अख्खं डोकं, ओठ, दात, अंकुर (त्वचेवरचे बारीक उंचवटे) सगळं एकाच वेळी स्पष्ट दिसतं. टेमचं काम वेगळं: 60 ते 90 नॅनोमीटर जाडीचे काप घेऊन आतली रचना बघायची. फायलेरियाच्या (हत्तीरोगाच्या गटातल्या) कृमींमध्ये राहणारे वोल्बाकिया जिवाणू 1970च्या दशकात टेमखालीच नजरेस आले, आणि आज त्या जिवाणूंवर डॉक्सिसायक्लिन देऊन जंताला नामोहरम करता येतं ते त्यामुळेच. पण रोजच्या ओळख पटवण्याच्या कामात टेमची गरज क्वचित पडते. नवख्याने आधी सेम शिकावं.

पहिला तास

बहुतेक नमुने सेमच्या खोलीत खराब होत नाहीत, ते त्याआधीच झालेले असतात. माझा पहिला अ‍ॅस्कॅरिस चांगला पंचवीस सेंटीमीटरची मादी होता. संध्याकाळी उशिरा आला, म्हणून मी तो नळाच्या पाण्यात टाकून घरी गेलो. सकाळी प्रयोगशाळेच्या शिपाई मामांनी मला दारातच गाठलं. "सर, तुमचा जंत उकललाय." साध्या पाण्यात जंताच्या अंगात पाणी शिरत राहतं, तो फुगतो आणि फुटतो. आतडी, अंडाशय सगळं बाहेर. उरलेल्या सालीचं मी हट्टाने सेम केलं तर वाळलेल्या गवारीच्या शेंगेसारखी दिसली.

तेव्हा जंत आला की आधी 0.85 टक्के सलाईन. काचेच्या बशीत घ्या, रंगकामाचा शून्य नंबरचा मऊ ब्रश घ्या आणि अंगावरचा चिकट थर हळूच काढा. सलाईन चार-पाच वेळा बदला. हा थर राहिला तर सेममध्ये तोंडाच्या जागी वाळलेल्या सायीसारखा पापुद्रा दिसतो आणि दात त्याखाली गडप होतात. चिमट्याने डोकं धरू नका. धरायचंच झालं तर मधे धरा.

मग मोजमाप घ्या. लांबी, जाडी, मोबाइलने पट्टीसकट फोटो. हे आताच करायचं, कारण वाळवताना जंत आकसतो आणि सेमवरून काढलेली लांबी ताज्या जंताच्या वर्णनाशी जुळत नाही.

त्यानंतर कात्री. नवख्यांचा हात इथे अडखळतो, एकच तर नमुना आणि तो कापायचा? कापायचाच. डोक्याकडचा पाच-सहा मिलिमीटरचा आणि शेपटीकडचा तेवढाच तुकडा सेमसाठी. मधला तुकडा निव्वळ अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. ग्लुटरालडिहाइड किंवा फॉर्मलीनमध्ये एकदा गेलेल्या तुकड्यातून डीएनए नीट निघत नाही, आणि सेम बघून झाल्यावर "प्रजाती नक्की कोणती" असं कोणी विचारलं की हा मधला तुकडाच उपयोगी पडतो. कापण्याचा आणखी एक फायदा आहे: सूत्रकृमीची, म्हणजे दोऱ्यासारख्या गोल जंताची, बाहेरची त्वचा, क्युटिकल, रसायनं सहज आत घेत नाही, कापलेल्या तोंडातून ती लवकर शिरतात. अंकुशकृमी एवढा लहान असला तर तो अख्खा ठेवा, आणि दुसरा मिळाला तर तो डीएनएला द्या.

जिवंत जंत थेट फिक्सेटिव्हमध्ये (रचना आहे तशी टिकवणाऱ्या द्रावणात) टाकला की वेटोळं करून बसतो. लहान सूत्रकृमी सरळ हवे असतील तर साधारण 60-70 अंशांचं गरम 70 टक्के अल्कोहोल त्यांच्यावर ओतायची जुनी पद्धत आहे. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे ते उघड्या ज्योतीवर नाही तर गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवा. पट्टकृमी (फितीसारखा चपटा जंत) मात्र फ्रीजमधल्या थंड पाण्यात तास-दोन तास ठेवून सैल पडू द्यावा.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा, आणि ती डबीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि झाकणांची अदलाबदल व्हायला एक वीज गेलेली संध्याकाळ पुरते.

हातमोजे आधीच चढवलेले असतील असं धरून चालतो. टीनिया सोलियम या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊ शकतात, त्यामुळे कुठलाही पट्टकृमी ओळख पटेपर्यंत सोलियमच आहे असं मानून हाताळा. अ‍ॅस्कॅरिसची अंडी तर फॉर्मलीनमध्येही काही काळ तग धरतात, आत अळीसुद्धा तयार होते. "फॉर्मलीनमध्ये आहे, मेलंय सगळं" यावर विसंबू नका. काहींना अ‍ॅस्कॅरिसची अ‍ॅलर्जीही होते, शिंका आणि डोळ्यांना खाज.

नमुना संशोधनासाठी वापरायचा असेल तर रुग्णाची संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. नंतर घेऊ म्हटलं की राहतेच.

फिक्सेशन आणि पाणी काढणं

ग्लुटरालडिहाइड 2.5 टक्के, 0.1 मोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच 7.2 ते 7.4, चार अंशांवर रात्रभर. द्रावण तुकड्याच्या आकाराच्या किमान दहा-वीस पट. कॅकोडायलेट बफरही चालतो, पण त्यात आर्सेनिक असतं. शिकताना फॉस्फेटच बरा. दुसऱ्या दिवशी त्याच बफरने तीन वेळा धुवा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं.

पुढे 1 टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड, एक तास. हे फक्त फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), आणि एकट्याने नाही. त्याची वाफ डोळ्याच्या बुबुळाला इजा करते. जाड कातडीच्या सूत्रकृमीला फक्त बाहेरून बघायचं असेल तर ही पायरी गाळली तरी चित्र चांगलं येतं. पट्टकृमी आणि यकृतकृमीसारखे मऊ अंगाचे जीव असतील तर गाळू नका.

जुना फॉर्मलीनमधला नमुना आला तर तो टाकून देऊ नका. बफरने नीट धुऊन पुढच्या पायऱ्या करा. आतली रचना गेलेली असते, पण बाहेरचे दात आणि अंकुर बऱ्याचदा शाबूत असतात.

मग अल्कोहोल: 30, 50, 70, 80, 90 टक्के, प्रत्येकात पंधरा-वीस मिनिटं, आणि शेवटी शंभर टक्के तीन वेळा. कागदावर ही सगळ्यांत सोपी पायरी आहे. पण कोल्हापुरात जुलै महिन्यात करून बघा. बाहेर पंचगंगा पात्राबाहेर, खोलीच्या भिंतींना ओल, आणि तुम्ही "शंभर टक्के" अल्कोहोलची बाटली दिवसातून दहा वेळा उघडताय. अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं. दोन आठवड्यांत ती बाटली शंभराची राहत नाही, लेबल मात्र शंभराचंच असतं. एका पावसाळ्यात माझे सलग चार नमुने वाळवताना सुरकुतले आणि मी दोष यंत्राला देत राहिलो. शेवटी थोडं पांढरं, निर्जल मोरचूद बाटलीतल्या थेंबभर अल्कोहोलवर टाकून बघितलं. ते निळं झालं. पाणी होतं. तेव्हापासून शेवटच्या तीन बदलांसाठी लहान बाटली नवी फोडायची आणि पावसाळ्यात ही चाचणी करायचीच, असं चाललंय.

वाळवायच्या दोन वाटा. क्रिटिकल पॉइंट ड्रायर असेल तर अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड आणून तो 31 अंश आणि सुमारे 73 वातावरणदाबाच्या वर नेतात. तिथे द्रव आणि वायू यांतला फरकच उरत नाही, त्यामुळे पृष्ठताणाने जंत चुरगळत नाही. ते यंत्र बंद असेल किंवा तारीख मिळत नसेल तर एचएमडीएस (हेक्सामिथाइलडायसिलाझेन) हा पटकन उडणारा द्रव. अल्कोहोलनंतर त्यात दोन वेळा दहा-दहा मिनिटं ठेवून झाकण अर्धवट उघडं ठेवायचं आणि फ्यूम हूडमध्ये रात्रभर उडू द्यायचं. सूत्रकृमीसाठी मला एचएमडीएसचे निकाल जवळजवळ तितकेच चांगले मिळाले आहेत. पट्टकृमीच्या डोक्यासाठी मात्र ड्रायरची वाट बघावी.

स्टबवर

अ‍ॅल्युमिनियमच्या स्टबवर, म्हणजे नमुना चिकटवायच्या छोट्या गोल बैठकीवर, दुहेरी कार्बन टेप. चिकटवण्याआधी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठरवा की नेमकं काय बघायचंय. तोंड समोरून बघायचं असेल तर डोक्याचा तुकडा आडवा ठेवून उपयोग नाही. टेपची छोटी घडी करून भिंतीसारखी उभी करा आणि तुकडा तिला टेकवून, कापलेलं टोक खाली ठेवा. दोन डोकी असतील तर एक उभं, एक आडवं. स्टबच्या खालच्या बाजूला नंबर कोरा. नकाशा वहीत काढा, कारण आत गेल्यावर पडद्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात.

सोन्याचा थर 10 ते 20 नॅनोमीटर. लगेच बघायचं नसेल तर डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात), आणि आतली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर ओव्हनमध्ये तापवून परत निळी करून घ्या.

यंत्रावर तुम्हाला बहुधा अर्धा-एक तास मिळेल, आणि चालवणारे दुसरेच कोणीतरी असतील. त्यांना आधी सांगा: 10 किलोव्होल्टपासून सुरू करू, पन्नास पटीला पूर्ण तुकडा, मग दोनशे, मग हजार. चित्रात पांढरे पट्टे पडायला लागले, कडा झगमगायला लागल्या तर ते चार्जिंग आहे, म्हणजे नमुन्यावर विद्युतभार साचतोय. व्होल्टेज पाचवर आणा, किंवा थर पुन्हा द्या. बहुतेक वेळा तुकडा टेपला नीट चिकटलेला नसतो. आणि प्रत्येक फोटोवर मापाची रेघ आहे ना ते बघून घ्या. "हजार पट" या आकड्याला छापल्यावर अर्थ राहत नाही, कागद लहानमोठा झाला की तो बदलतो.

काय बघायचं

अ‍ॅस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस ओळखायला सगळ्यांत सोपा. तोंडाभोवती तीन ओठ, बेलाच्या पानासारखे. एक पाठीकडे, दोन पोटाकडे. ओठांच्या आतल्या कडेवर बारीक दातऱ्यांची रांग असते. डुकरातला अ‍ॅस्कॅरिस सुम आणि माणसातला लुम्ब्रिकॉइडिस या दातऱ्यांच्या आकारावरून वेगळे करायचा प्रयत्न पूर्वी झाला, पण जंताचं वय वाढेल तसे हे दात झिजतात. त्यावर प्रजाती ठरवू नका.

अंकुशकृमीत मात्र तोंडच निर्णय देतं. आपल्याकडे उसाला पाणी पाजताना लोक पायताण बांधावर काढून चिखलात उतरतात, आणि याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. दुर्बिणीच्या तपासणीत लहान आतड्याला चिकटलेला सेंटीमीटरभर कृमी सर्जनने चिमट्याने काढून दिला की तो सेमसाठी सोन्यासारखा. अँकायलोस्टोमा ड्युओडेनालेच्या तोंडात पोटाच्या बाजूला ठळक सुळ्यांच्या दोन जोड्या. नेकॅटरमध्ये सुळे नाहीत, विळीच्या पात्यासारख्या दोन अर्धचंद्राकृती धारदार चकत्या. एक जोडी मोठी आणि आतली जोडी अगदी बारीक दिसली तर अँकायलोस्टोमा सेलॅनिकमचा विचार करा. तो कुत्र्या-मांजरांचा कृमी, पण माणसातही सापडतो. तोंड मिटलेलं किंवा श्लेष्म्याने भरलेलं असेल तर नराची शेपटी बघा, तिथल्या छत्रीसारख्या पडद्याच्या कण्या दोघांत वेगळ्या असतात.

ट्रायक्युरिसचा पुढचा तीन-पंचमांश भाग दोऱ्यासारखा असतो, मागचा चाबकाच्या मुठीसारखा. नवखे जाड टोकाला डोकं समजतात. सेममध्ये बारीक भागावर एका बाजूने छिद्रांचा पट्टा दिसतो, तो बॅसिलरी बँड, आणि ती खूण पुरेशी आहे. एन्टेरोबियस बहुधा काढलेल्या अपेंडिक्समध्ये सापडतो. डोक्याजवळ फुगीर पंख आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी लांब उभी कड.

पट्टकृमीत डोकं मिळालं तरच सेमला अर्थ आहे. टीनिया सोलियमच्या डोक्यावर आकड्यांची दोन वर्तुळं, साधारण 22 ते 32 आकडे. टीनिया सॅजिनाटा या दुसऱ्या प्रजातीला आकडे नाहीत, चार चूषकच. औषध घेतल्यावर डोकं बऱ्याचदा अर्धवट विरघळून पडतं आणि आकडे गळालेले असतात, म्हणून "आकडे दिसले नाहीत" आणि "आकडे नाहीत" ही दोन वेगळी वाक्यं लिहा. नुसते खंड मिळाले तर सेम नको; रंगवून गर्भाशयाच्या फांद्या मोजा. सोलियममध्ये एका बाजूला साधारण 7 ते 13, सॅजिनाटात त्याहून जास्त.

डोळ्यातले आणि कातडीखालचे जंत हा भाग मला व्यक्तिशः सर्वांत आवडतो. जुनी माणसं कातडीखाली लांब जंत दिसला की "नारू" म्हणतात. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण 1996मध्ये सापडला आणि 2000मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. तेव्हा आज असा जंत आला तर डायरोफायलेरिया रेपन्सची शक्यता आधी धरा. कुत्र्याचा कृमी, डासांमार्फत येतो, भारतात सर्वाधिक नोंदी केरळच्या. त्याच्या अंगावर उभ्या समांतर कडा असतात, सेमखाली अगदी उसाच्या वावरातल्या सरी-वरंब्यासारख्या. डोळ्यातल्या थेलाझिया कॅलिपीडाला उलट आडव्या, करवतीच्या दात्यांसारख्या धारदार कडा. सरी उभी की आडवी एवढ्यावर निम्मं काम होतं. पुढचं डीएनएने, कारण डायरोफायलेरियाच्या जवळच्या प्रजाती फक्त कडांवरून नेहमी सुटत नाहीत.

घाट उतरून गेलं की रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी येतं. लघवीतून रक्त जायला लावणाऱ्या शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांतल्या कृमीचं देशातलं केंद्र म्हणून या गावाची नोंद 1952मध्ये प्रसिद्ध झाली. असा नर कृमी कधी हाती लागलाच तर पाठीवरचे उंचवटे बघा: मॅन्सोनीत मोठे आणि काटेरी, हिमॅटोबियममध्ये बारीक, जॅपोनिकममध्ये नाहीतच.

जंत नसलेले जंत

एकदा एक बाई दुधाच्या पिशवीतून काळपट, इंचभर लांबीचे दोरे घेऊन आल्या. मुलाच्या शौचात रोज पडतात म्हणाल्या. स्टिरिओखाली अंगावर वळ्या दिसत होत्या, आम्ही उत्साहाने सेम केलं. अंगावर एकसारखी, गोल गोल वळत जाणारी रेघ. मी "क्युटिकलचं वलय" म्हणून टिपून घेतलं. वरिष्ठांनी फोटो बघितला आणि विचारलं, "मूल केळं खातं का?"

ती वनस्पतीची जलवाहिनी होती. तिच्या भिंतीतली स्प्रिंग नवख्याला जंताच्या वळ्यांसारखीच दिसते. ओळखायची खूण अशी: जंताची वलयं स्वतंत्र आणि बंद असतात, स्प्रिंग एकच रेघ फिरत पुढे जाते. शेजारी विटांसारख्या चौकटी पेशी दिसल्या तर शंकाच नको. आणि डोकं, तोंड, गुदद्वार, यांपैकी एकही टोक सापडत नसेल तर आधी आहाराबद्दल विचारा. संडासात पडलेलं गांडूळही येतं; त्याच्या अंगावर सेममध्ये बारीक काटे, म्हणजे सीटी, दिसतात, ते सूत्रकृमीला कधीच नसतात. पावसाळ्यात बादलीत सापडणारा लांब, तारेसारखा काळा घोडकेशी कृमीही लोक घेऊन येतात. तो कीटकांचा परजीवी, माणसात राहत नाही.

अहवालात फोटोखाली लिहा: कोणता भाग, कोणत्या बाजूने, मापाची रेघ किती मायक्रॉनची, नमुना कुठून मिळाला, औषध आधी दिलं होतं का. प्रजातीचं नाव खात्री असेल तरच. नाहीतर प्रजातीपर्यंत न जाता वंशाचं नाव, आणि "डीएनए तपासणीसाठी मधला तुकडा राखून ठेवला आहे" हे वाक्य, डबीच्या नंबरासकट. त्या बाईंच्या अहवालावर आम्ही "वनस्पतिजन्य तंतू, परजीवी आढळला नाही" असं लिहिलं. त्या नाराज झाल्या. पण आठ दिवस केळं बंद केल्यावर दोरे पडायचे थांबले, असं त्यांनीच येऊन सांगितलं.